गाढवाच्या वतीनें

नागपुराहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदी नांवाचें गांव लागतें. वर्ध्यालगत सिंदी (मेघे) नांवाचें दुसरें एक गांव असल्यामुळें याला ‘सिंदी (रेल्वे)’ असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. विदर्भांत या गांवाची ख्याति आहे ती तेथील तान्ह्या पोळ्यामुळें. श्रावणांतल्या अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो, आणि दुसऱ्या दिवशीं लहान मुलें आपापले लांकडी बैल सजवून बाहेर काढतात. या लांकडी बैलांना तिकडे नंदी म्हणतात. कोणाचा नंदी वीतभर असतो, तर कोणाचा चाकांवर चढविलेला आणि माणसाच्या उंचीला भिडणारा. झुली, बेगड, घुंगुर, माळा, कशाचीहि वाण नसते. मुलें नंदी ओढीत दारोदार जातात आणि वडीलधारीं माणसें त्यांच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतात. याला बोजारा म्हणतात.

कांहीं वर्षांपूर्वीं या सणाला मी सिंदीस एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. तिसऱ्या प्रहरीं आम्ही ओसरीवर बोलत बसलों असतां मुलांचा एक घोळका नंदी घेऊन आला. घोळक्याच्या शेवटीं सातआठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या हातांतल्या दोरीला बैल बांधलेला नव्हता. भाजलेल्या मातीचें, चार चाकांचें, हातभर लांबीचें एक गाढव होतें. त्याच्या पाठीवर दोन चिमुकल्या गोण्या होत्या आणि गळ्यांत झेंडूची माळ होती. स्नेही मोठ्यानें हंसले. ‘अरे, आज पोळा आहे, गाढवांचा बाजार नव्हे,’ असें म्हणून त्यांनीं इतर मुलांच्या हातावर नाणीं ठेवलीं आणि या मुलाला तसेंच पुढें घातलें. मुलगा रडला नाहीं. तो इतकेंच बोलला, ‘आमच्या घरी बैल नाही जी. माती तं हेच आणते.’ मागाहून समजलें कीं तो कुंभाराचा मुलगा होता आणि तें गाढव त्याच्या आजोबानें घडविलें होतें. त्या वेळीं स्नेह्यांबरोबर मीहि हंसलों होतों, हें येथें सांगितलें पाहिजे. कारण पुढें जी फिर्याद मी मांडणार आहें तिच्यांतला पहिला आरोपी मीच आहें.

त्या हंसण्याचा जाब मीं पुढें स्वतःला विचारला. वस्तुतः त्या मुलाचें बोलणें अगदीं सरळ होतें. ज्या घरांत बैल राबतो त्या घरानें बैल पुजावा आणि ज्या घरांत गाढव राबतें त्या घरानें गाढव पुजावें, यांत हंसण्यासारखें काय आहे? तरी हंसूं आलें. म्हणजे तें हंसूं डोळ्यांना दिसलेल्या वस्तूमुळें आलें नव्हतें. ‘गाढव’ या शब्दानें तें आपोआप बाहेर काढलें होतें. तो शब्द मला शाळेनें, म्हणींनीं, नीतिकथांनीं आणि नाटकांनीं शिकविला होता. गाढव मात्र मला कोणींच दाखविलें नव्हतें. माझा आरोप एवढाच आहे कीं आमच्या वाङ्मयांतलें गाढव हें पाहून लिहिलेलें नसून ऐकून लिहिलेलें आहे. आणि ज्यांच्या तोंडून आम्ही तें ऐकलें त्यांना गाढवापेक्षां गाढवामागून चालणाऱ्या माणसाचा तिटकारा अधिक होता.

प्रथम म्हणी घेऊं. ‘गाढवाला गुळाची चव काय’ असें आम्ही मोठ्या ऐटींत विचारतों. ज्यानें गाढवाला कधीं गुळाचा खडा घातला असेल तो हा प्रश्न विचारणार नाहीं; कारण गाढव गूळ आवडीनें खातें. ज्यानें कधीं घातला नाहीं त्यानेंच ही म्हण केली असली पाहिजे. म्हणजे कृपणता मालकाची आणि अरसिकता जनावराची! ‘गाढवापुढें वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ या म्हणींतहि तोच प्रकार. गीता बैलालाहि कळत नाहीं आणि घोड्यालाहि कळत नाहीं. ती गाढवापुढें वाचावयास बसलेल्या शहाण्याबद्दल मात्र म्हण एक अक्षरहि काढीत नाहीं. गाढव उकिरडे फुंकतें असें म्हणून आम्ही नाक मुरडतों. दिवसभर माती, वाळू किंवा विटा वाहून झाल्यावर बैल गोठ्यांत जातो आणि त्याच्यापुढें कडबा पडतो. गाढवाला बहुधा मोकळें सोडून देतात आणि मिळेल तें खा म्हणतात. मग तें उकिरड्यावर न जाईल तर कोठें जाईल?

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण तर अत्यंत बोलकी आहे. तिच्यामागची लोककथा बहुतेकांना ठाऊक असते. कृष्णजन्माच्या रात्रीं वसुदेव तान्ह्या बाळाला घेऊन निघाला तेव्हां दाराशीं गाढव होतें. तें ओरडलें असतें तर पहारेकरी जागे झाले असते, म्हणून वसुदेवानें त्याचे पाय धरले. गाढव ओरडलें नाहीं. कथेप्रमाणें पाहिलें तर गोकुळाची वाट गाढवाच्या मौनानें मोकळी झाली. परंतु म्हणीनें त्याचें मौन विसरून जाऊन वसुदेवाची लाचारी तेवढी लक्षांत ठेवली. थोराला हीनाचे पाय धरावे लागले, हेंच दुःख आम्हांस शतकानुशतकें पुरलें. त्या हीनानें विनंति मानली याचें कौतुक कोणास वाटलें नाहीं.

ही वृत्ति अलीकडची नव्हे. मराठी भाषेचे जे जुने शिलालेख सांपडतात त्यांत ‘गधेगाळ’ नांवाचा एक प्रकार आहे. दान दिलेल्या भूमीचा लेख कोरावयाचा, वर चंद्रसूर्य काढावयाचे, आणि दानाला जो बाध आणील त्याच्या आईवर गाढवाकरवीं प्रसंग ओढवेल अशी शिवी घालून खालीं तेंच चित्र खोदावयाचें, अशी ती रीत. मुंबईंत परळ येथें सांपडलेला शिलाहार राजा अपरादित्य याचा शके ११०८ मधील लेख प्रसिद्ध आहे. त्याचा मुख्य भाग संस्कृत असून शेवटची शापवाणी तेवढी मराठी आहे. दानाची पुण्यकथा देववाणींत आणि शिवी लोकवाणींत, ही वांटणीहि मोठी मार्मिक आहे! कोंकणांत आणि देशावर असे दगड आजहि वेशीवर किंवा देवळाच्या आवारांत उभे असलेले दिसतात. अपराध करणार पुरुष, दंड भोगणार त्याची आई, आणि दंडाचें हत्यार गाढव. ज्यांनीं जमीन दिली नाहीं, घेतली नाहीं आणि बळकावलीहि नाहीं, अशा दोन मुक्या जिवांना आमच्या भाषेनें आपल्या बालपणींच दगडांत बांधून ठेवलें.

आतां संस्कृत कथांकडे वळूं. कारण आमच्या क्रमिक पुस्तकांतील गाढव बहुतांशीं तेथूनच आलें आहे. हितोपदेशांत एका परिटाच्या घरची गोष्ट आहे. रात्रीं चोर शिरला. कुत्रा जागा होता. पण धनी पोटभर खाऊं घालीत नाहीं म्हणून रुसून गप्प राहिला. गाढवाला धन्याचें नुकसान पाहवेना, तें ओरडलें. झोंपमोड झालेल्या धन्यानें उठून त्याला बडवून मारलें. या गोष्टीचें तात्पर्य आम्ही मुलांना काय शिकवितों? तर दुसऱ्याच्या कामांत नाक खुपसूं नये! धन्याच्या घरांत चोर शिरलेला असतां जो जागा राहिला तो मूर्ख, जो रुसून बसला तो व्यवहारी, आणि ज्यानें न पाहतां काठी उचलली तो केवळ झोंपमोड झालेला गृहस्थ. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कोरी सांगून ‘यांत चांगलें कोण?’ असें विचारून पाहावें. मूल निःशंकपणें गाढवाचें नांव घेतें. मग आपण त्याला तात्पर्य सांगतों आणि त्याचें उत्तर खोडून काढतों. आमच्या नीतिशिक्षणाचा आरंभ असा होतो.

पंचतंत्रांत वाघाचें कातडें पांघरून शेतांत चरणाऱ्या गाढवाची कथा आहे. ओरडल्याबरोबर तें ओळखूं आलें आणि मारलें गेलें. येथेंहि कातडें त्यानें स्वतः मिळविलेलें नसतें. गाढवाच्या चाऱ्याचा खर्च वांचावा म्हणून परीटच तें त्याच्या अंगावर घालतो. लबाडी धन्याची, लाभ धन्याचा, मरण गाढवाचें, आणि बोध तुम्हांआम्हांला असा कीं सोंग करूं नये! सुश्रुतसंहितेंत पुष्कळ शास्त्रें वाचून अर्थ न जाणणाऱ्या पढिकाला चंदनाचें ओझें वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्याला भार कळतो, चंदन कळत नाहीं. उपमा सुंदर आहे, पण न्याय्य नाहीं. गाढवानें चंदनाचें ज्ञान असल्याचा दावा कधीं केला नाहीं. त्यानें चंदन इच्छित स्थळीं पोंचविलें. पढिकानें दावा केला आणि कोठेंच कांहीं पोंचविलें नाहीं. या दोघांची तुलना करावयाचीच तर खेद गाढवाला वाटावा.

तथापि आमच्या परंपरेचा हा एकच सूर नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ऐतरेय ब्राह्मणांत देवांच्या शर्यतीची कथा आहे. तींत अश्विनीकुमारांनीं गाढवांच्या रथानें शर्यत जिंकली, आणि त्या धांवेंत गाढवाचा वेग खर्ची पडला, म्हणून तें आज संथ झालें. मंदपणाचें याहून उदार कारण कोणत्या कवीनें दिलें आहे? चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिवचनांत गाढवापासून तीन गुण शिकावे असें सांगितलें आहे: थकलें तरी ओझें वाहावें, थंडीउन्हाकडे पाहूं नये, आणि नित्य संतुष्ट राहावें. शीतलादेवीचें वाहन तर गाढवच आहे, आणि देवी आली कीं घरोघर त्या वाहनाचीहि पूजा होत असे. म्हणजे पाहणाऱ्याला गाढव दिसत होतें. पुढें तें दिसेनासें झालें, याचें कारण शोधलें पाहिजे.

कारण मनुस्मृतींत स्पष्ट लिहून ठेवलें आहे. दहाव्या अध्यायांत चांडाल आणि श्वपच यांनीं गांवाबाहेर राहावें, आणि कुत्रीं व गाढवें हेंच त्यांचें धन असावें, असें विधान आहे. आठव्या अध्यायांत एका अपराधासाठीं स्त्रीचें मुंडन करून तिला गाढवावरून फिरविण्याची शिक्षा आहे. ब्रह्मचर्य मोडणाऱ्यानें गाढव बळी देऊन त्याचें कातडें पांघरून भिक्षा मागावी असें प्रायश्चित्त आहे. घोडा राजाचा, हत्ती राजाचा, गाय ब्राह्मणाची, बैल शेतकऱ्याचा. गाढव मात्र गांवाबाहेरच्याचें. जनावराची प्रतिष्ठा त्याच्या गुणांवरून ठरली नाहीं, तें कोणाच्या दाराशीं बांधलें होतें यावरून ठरली. महाराष्ट्रांत कुंभार, परीट, मातीवडार, बेलदार, कैकाडी, भोई यांच्या दारीं तें होतें. म्हणून ज्यांना या मंडळींशीं रोटीव्यवहार नव्हता त्यांनीं गाढवाशीं शब्दव्यवहारहि शिवीपुरताच ठेवला.

राजकारणांतहि हेंच दिसतें. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा येथील लेखांत शत्रूचें पिथुंड नगर गाढवांच्या नांगरानें नांगरल्याचा उल्लेख आहे. सतराव्या शतकांत आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें उध्वस्त करून तेथें गाढवांचा नांगर फिरविला, ही हकीकत प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. नांगर तोच, माती तीच. बैलानें ओढला कीं पीक आणि गाढवानें ओढला कीं शाप! पाऊस या दोहोंत भेद करीत असेल असें वाटत नाहीं.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप निघतील, हें मी जाणून आहें. पहिला असा कीं ‘शब्द झिजतात, आज कोणी कोणास गाढव म्हणाला तर त्याच्या मनांत ना कुंभार असतो ना परीट. बैलालाहि आम्ही बैलोबा म्हणतोंच.’ खरें आहे. पण बैलाला बैलोबा म्हणणारा मराठी माणूस वर्षांतून एकदां त्याची क्षमाहि मागतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदशेकणी होते. जुवानें घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्यां जेवायला या’ असें बैलाला सन्मानानें सांगतात. शिवी आणि क्षमा यांचा तेथें हिशेब जुळतो. गाढवाच्या पाठीलाहि गोणीचे घट्टे पडतात. त्या पाठीला तूप लावण्याचा दिवस आमच्या पंचांगांत कोठें आहे? आणि शब्द झिजला असेल तर सिंदीच्या ओसरीवर तो इतका धारदार कसा निघाला? वर्गांत चुकलेल्या मुलाला मास्तर गाढव म्हणतात तेव्हां बाकीचीं मुलें हंसतात. त्याच वर्गांत ज्याच्या घरीं गाढव आहे असा एखादा मुलगा बसलेला असतो, तो हंसत नाहीं. झिजलेला शब्द कोणाला बोंचतो आणि कोणाला बोंचत नाहीं, यावरून त्याची झीज मोजावी.

दुसरा आक्षेप संतांच्या नांवानें येतो. तुकोबांनीं गाढवाला कितीहि शृंगारलें तरी त्याचा घोडा होत नाहीं असा दृष्टांत दिला आहे, मग आम्हींच कां सोंवळें व्हावें? याला माझें उत्तर असें कीं तुकोबांचा रोख गाढवावर नाहीं, शृंगारलेल्या दांभिकावर आहे. आणि तो ऐकणारे लोक गाढव रोज पाहणारे होते. ज्यांनीं गाढव पाहिलेलें नाहीं त्यांना तो दृष्टांत उसना घेण्याचा अधिकार नाहीं. शिवाय संतांचा दाखलाच हवा असेल तर पैठणच्या एकनाथांचा घ्या. काशीची गंगा कावडींतून रामेश्वराला नेत असतां वाळवंटांत तहानेनें तडफडणारें गाढव दिसलें, आणि नाथांनीं तें पाणी त्याच्या तोंडांत ओतलें. ही कथा आम्ही कीर्तनांत शेंकडों वेळां ऐकली आणि नाथांच्या थोरवीनें सद्गदित झालों. पण गाढव तेथें कोणाचें होतें, त्याला कोणीं टाकून दिलें होतें, किती ओझें वाहिल्यावर तें पडलें होतें, हा प्रश्न एकाहि श्रोत्याला पडूं नये? नाथांना गाढव दिसलें. आम्हांला त्या कथेंतहि फक्त नाथच दिसले. म्हणून कीर्तन संपवून घरीं जातांना वाटेंत आडव्या आलेल्या गाढवाला आम्ही दगड मारूं शकतों.

तिसरा आक्षेप विनोदाचा. ‘एवढें गंभीर कशाला व्हावें? थोडें हंसूंहि द्या.’ अवश्य हंसावें. मात्र कोणाच्या अंगणांत उभें राहून हंसतों तें पाहावें. हरिभाऊ वडगांवकर यांचें ‘गाढवाचं लग्न’ हें वगनाट्य दादू इंदुरीकरांनीं गांवोगांव गाजविलें, आणि २००७ सालीं त्यावर चित्रपटहि निघाला. शापानें गाढव झालेला गंधर्व राजकन्येला मागणी घालतो, अशी त्याची कथा. त्यांत गाढवावर पोट धरून हंसावें असे प्रसंग आहेत. परंतु तेथें रंगभूमीचा धनी सांवळ्या कुंभार आहे. त्याचा संसार, त्याचें बायकोशीं भांडण, त्याची बोली यांनीं प्रयोग भरून राहतो, आणि हंसण्याचा मोठा वांटा राजदरबाराच्या पदरीं पडतो. कुंभाराच्या अंगणांतून राजवाड्याकडे पाहून केलेला विनोद आणि ओसरीवरून कुंभाराच्या मुलाकडे पाहून केलेला विनोद यांत जें अंतर आहे, तेंच वाङ्मय आणि टवाळी यांत आहे.

ज्यांनीं गाढव पाहून लिहिलें त्यांची लेखणी कशी बदलते, याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. प्रेमचंदांची ‘दो बैलों की कथा’ ही १९३१ सालची गोष्ट बैलांची. पण तिचा आरंभ त्यांनीं गाढवापासून केला. ऋषिमुनींचे सगळे गुण या जनावरांत पराकोटीला गेले असतां माणूस त्याला मूर्ख म्हणतो, असें सांगून ते परदेशांत निमूटपणें अपमान सोसणाऱ्या हिंदी माणसाकडे वळतात. परतंत्र देशाच्या लेखकाला गाढवांत आपला देशबंधु दिसला. मराठींत लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाड्यांचा संसार गाढवांच्या पाठीवर गांवोगांव कसा हिंडतो, हें त्या पुस्तकानें आमच्या दिवाणखान्यांत आणून उभें केलें. तेथें गाढव उपमा नाहीं, प्रतीक नाहीं. तें घर आहे. त्या पुस्तकानंतरहि ज्याला गाढव शब्दावर हंसूं येतें त्यानें तें वाचलें नाहीं असेंच म्हणावें लागेल.

परक्या वाङ्मयांतहि हेंच आढळेल. स्पॅनिश कवि हिमेनेझ यानें प्लातेरो नांवाच्या आपल्या करड्या गाढवाशीं केलेला गद्यकाव्यांतला संवाद १९१४ सालीं छापला. त्याला १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां जगभर वाचकांच्या तोंडीं त्या गाढवाचें नांव होतें. सर्वांतीसच्या ‘डॉन किहोते’ मध्यें वीरश्रीचा घोडा धन्याचा आणि गाढव नोकराचें. पण चोरलेलें गाढव परत मिळाल्यावर सांचो पांझाला जो आनंद होतो तो त्याच्या धन्याच्या सगळ्या विजयांहून खरा आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४५ सालच्या ‘ॲनिमल फार्म’ मध्यें सर्वांत दीर्घ स्मरणशक्तीचें जनावर बेंजामिन नांवाचें गाढव आहे. राबून थकलेल्या घोड्याला गाडींत घालून नेतात तेव्हां बाकीचीं जनावरें त्याला हंसत निरोप देतात. ती गाडी खाटकाची आहे, हें गाडीवरचीं अक्षरें वाचून गाढवच सांगतें. ज्याला आम्ही अक्षरशत्रु म्हणतों त्याच्याच तोंडीं त्या लेखकानें वाचन दिलें.

आणि खरें गाढव कसें असतें? तें सुमारें ७००० वर्षांपूर्वीं पूर्व आफ्रिकेंत माणसाळलें. इजिप्तमध्यें ॲबिडॉस येथें सुमारें ५००० वर्षांपूर्वींच्या एका राजाच्या स्मारकाशेजारीं दहा गाढवें सन्मानानें पुरलेलीं सांपडलीं. त्यांच्या हाडांवर ओझ्याच्या खुणा आहेत. घोडा भ्याला कीं उधळतो. गाढव भ्यालें कीं थांबतें, आणि पाय ठेवण्याजोगी वाट दिसल्यावांचून हालत नाहीं. या सावधपणाला आम्ही हट्ट हें नांव दिलें. पाण्याच्या बाबतींत तें चोखंदळ असतें. गढूळ, घाण पाण्याला सहसा तोंड लावीत नाहीं. नदीपात्रापासून भट्टीपर्यंतची वाट एकदां अंगवळणी पडली कीं हांकणारा मागें राहिला तरी तें खेप पोंचविते. स्मरण, विवेक आणि शुचिता हे तीन गुण ज्याच्या ठायीं आहेत त्याला मूर्ख, हट्टी आणि घाणेरडें म्हणणारी भाषा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाहीं, हेंच सिद्ध होतें.

कोणी म्हणेल, या फिर्यादीला आतांच निकड कां लागली? निकड अशी कीं फिर्यादीच नाहींसा होत चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेंत देशांत ३.२ लक्ष गाढवें होतीं. २०१९ च्या गणनेंत तीं १.२ लक्ष राहिलीं. सात वर्षांत शंभरांतलीं एकसष्ट गेलीं. मालमोटारी आणि ट्रॅक्टर आले, चराऊ रानें गेलीं, पाळणाऱ्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्याला लागलीं. हें कालमानाप्रमाणें झालें. परंतु त्याबरोबर मांसासाठीं आणि कातड्यासाठीं चोरून कत्तलहि झाली. गाढवाच्या कातड्यापासून चीनमध्यें एक औषध करतात आणि त्याच्या मागणीनें आफ्रिकेंतलीं गाढवें इतक्या वेगानें घटलीं कीं तेथील राष्ट्रांच्या संघानें २०२४ सालीं या कातड्याच्या व्यापारासाठीं होणाऱ्या कत्तलीवर पंधरा वर्षांची बंदी घालण्याचें ठरविलें. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत गाढवांचा बाजार परंपरेनें भरत आला आहे. ते बाजार आटत गेले आणि गाढव रस्त्यांवरून गेलें, तरी शिवी राहील. ज्या वस्तूचें जगांत कांहींच उरलें नाहीं तिचा केवळ अपमान भाषेंत उरावा, यासारखी कृतघ्नता नाहीं.

मीं गाढवाची स्तुतिस्तोत्रें मागितलेलीं नाहींत. गाढवाला ‘श्रमाचा महात्मा’ करून त्याच्यावर सुनीतें रचण्याची लाट आली तर तीहि मला त्रासदायकच वाटेल. कारण तेंहि न पाहतांच लिहिलेलें असेल. मागणें साधें आहे. लेखकानें गाढव हा शब्द लिहिण्यापूर्वीं एकदां गाढवाजवळ उभें राहावें आणि त्याच्या धन्याशीं चार शब्द बोलावे. क्रमिक पुस्तक करणाऱ्यांनीं परिटाच्या गाढवाची गोष्ट अवश्य द्यावी, पण तात्पर्य मुलांना काढूं द्यावें. आईबापांनीं मुलाच्या तोंडीं हा शब्द आला कीं त्याला रागें भरूं नये. ‘तूं पाहिलें आहेस का?’ एवढेंच विचारावें. बहुतेक घरांत याचें उत्तर ‘नाहीं’ असेंच येईल, आणि तेथूनच शिक्षणाला आरंभ होईल.

आणि हें घडणें अशक्य नाहीं. अकोला जिल्ह्यांत अकोट येथें भोई समाजाचीं कुटुंबें पोळ्याला आपल्या गाढवांना न्हाऊं घालतात, रंगवितात, हार घालतात आणि त्यांचा पोळा साजरा करतात. तेथें कोणी विद्वान सभा भरली नव्हती कीं कोणीं ठराव मांडला नव्हता. ज्यांच्या घरीं जो राबतो त्याला त्यांनीं आवतण दिलें, इतकेंच. सिंदीच्या त्या लहान मुलाला अकोटची ही रीत ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी त्यानें आणि त्याच्या आजोबानें आपल्या बुद्धीनें तेंच केलें. आम्ही दोघे सुशिक्षित मात्र त्या वेळीं ओसरीवर बसून हंसलों.

त्या मुलाचा बोजारा माझ्याकडे अजून राहिला आहे. तो आतां मोठा झाला असेल, आणि नाणें हातावर ठेवून तें ऋण फिटण्यासारखें नाहीं. म्हणून हा लेख लिहिला.